मानेच्या खाली

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी पलंगाखालचे डबे बाहेर काढून पुसत होते. ते मी चार दिवसांपूर्वीच पुसले होते. निवृत्त झाल्यापासून माझं हे असंच चाललंय. एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. मिस्टर म्हणतात, तू बस तरी नाहीतर मला बाहेर जाऊ दे. तर संपादक म्हणाले, "सिस्टर, इतकी वर्षं तुम्ही वेड्यांच्या दवाखान्यात काढली. पोतंभर किस्से असतील. चार गमतीदार लिहून द्या."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तासभर चिडचिड केली. एक तर मी कुठल्याही वेड्यांच्या दवाखान्यात नव्हते. आणि दुसरं म्हणजे, इतक्या वर्षांत गमतीदार वागलं कोण याचा हिशोब मांडायचा तर आमचे पेशंट फार मागे राहतील. पहिला नंबर आमचाच, म्हणजे डॉक्टर, नर्स आणि बाकी स्टाफचा. तेव्हा किस्से आमचे सांगते. शेवटचा किस्सा गमतीदार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आधी काम काय होतं ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते कळलेलं नाही. तो डोणगावला सगळ्यांना सांगतो की बहीण पागलखान्यात आहे. आमचं फिरतं पथक होतं. डॉक्टर, मी आणि जीपचे चालक. सकाळी बुलढाण्याहून निघायचं आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या गावाच्या सरकारी दवाखान्यात जाऊन बसायचं. तिथं आम्हाला एक खोली मिळायची. एरवी त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवत. आम्ही आलो की खुर्च्या बाहेर आणि आम्ही आत, आम्ही गेलो की खुर्च्या परत आत. येणारी माणसं लांबच्या आजाराची. कुणाच्या कानात आवाज येतात, कुणाला वाटतं शेजाऱ्यानं करणी केली, कुणी बाई सहा सहा महिने एक शब्द बोलत नाही. डॉक्टर बोलायचे, मी केसपेपर लिहायची, महिन्याच्या गोळ्या मोजून द्यायची आणि पुढची तारीख घालायची. गोळ्यांनी माणूस परत शेतात जाऊ लागला, बाई परत चुलीपाशी बोलू लागली की आमचं काम झालं.

त्याच दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला नेहमीची ओपीडी. ताप, खोकला, विंचू चावला, सगळं तिकडे. मधे व्हरांडा. आमचा केसपेपर पिवळा आणि त्यांचा पांढरा. हा व्हरांडा तीसेक पावलांचा असेल, पण तो ओलांडणं फार अवघड होतं. पिवळा कागद हातात दिसला की तिकडचे न बघताच म्हणायचे, "हे तुमचं मानसिकचं, तिकडे न्या." आणि छातीत दुखतं म्हणून कुणी आमच्याकडे सांगितलं की आम्ही म्हणायचो, ते तिकडे दाखवा. माणूस मानेपाशी वाटून घेतला होता. मानेच्या वर आमचं, मानेच्या खाली त्यांचं. भांडण नव्हतं हो, चहा आम्ही एकत्रच घ्यायचो.

शकुंतलाबाई म्हणून एक शिवणकाम करणारी होती. तिला तीन महिने खोकला. ती दर वेळी व्हरांड्यातून तिकडे जायची आणि ताकदीच्या लाल गोळ्या घेऊन परत यायची. एकदा मला म्हणाली, "सिस्टर, मी ब्लाउज शिवतो तं कोनी मले पागल म्हनत नाही. खोकलतो तवाच काऊन म्हनतात?" मी हसले. तिची थुंकी तपासायला पाठवा म्हणून शेवटी मीच जाऊन तणतणले तेव्हा क्षय निघाला. ती बरी झाली. पण त्या दिवशी मी आधी हसले होते, हे ती विसरली असली तरी मी विसरलेले नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मात्र आमच्या खोलीत वजनकाटा आला, बीपीचं मशीन आलं, कमरेचा घेर मोजायची फीत आली आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायचं यंत्रही आलं. गोळ्या हव्यात तर आधी काट्यावर उभं राहायचं, असा मी कायदाच केला. लोक वैतागायचे. वजन कमी भरावं म्हणून चपला, टोपी, किल्ल्या काढून ठेवायचे. एका आजोबांनी तर कवळी काढून माझ्या हातात दिली. त्यांचा नातू शरमला, मी मात्र कवळी धरून काटा वाचला आणि वजन लिहिलं. आमचे डॉक्टर भला माणूस, पण सुरुवातीला तेही कुरकुरले. म्हणाले, "सिस्टर, आपण मनाचं काम करणारी माणसं. हे काय भाजीबाजार मांडलाय?" मी म्हटलं, सर, मन काही पिशवीत घालून आणत नाहीत ते लोक. डॉक्टरांनी स्वतःच काटा भिंतीपाशी सरकवला. काटा मान्य करायला त्यांना माझ्यासारखंच कारण होतं. ते कारण म्हणजे मिलिंद.

मिलिंद आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा पंचविशीचा होता. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले आणि कॉलेज सुटलं. त्याचा मोठा भाऊ अशोक, गावात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान, तो त्याला हाताला धरून घेऊन आला. मिलिंदच्या अंगाची नुसती काडी झाली होती. जेवणात कुणी काही कालवतं असा त्याला संशय. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. चार महिन्यांत आवाज थांबले, संशय गेला. तो भावाच्या दुकानात बसून तांब्याची तार गुंडाळू लागला. गावाचं नाव मी लिहीत नाही, ती माणसं अजून तिथेच राहतात. दर महिन्याला खोलीच्या दारात उभा राहून तो "जयभीम सिस्टर" म्हणायचा. मी "जयभीम मिलिंद" म्हणायची. मग तो त्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकाचं नाव सांगायचा. मी कधी ते वाचलेलं नसायचं.

ह्या गोळीचा एक गुण असा की भूक फार लागते. मिलिंद जेवू लागला. गाल भरले, मान भरली, शर्ट बदलावे लागले. आपल्याकडे अंगानं भरलेला माणूस म्हणजे बरा झालेला माणूस. त्याची माय मला म्हणाली, लेकरू अंगाले लागलं, तुमचे उपकार. मलाही बरं वाटलं. मी दर महिन्याला केसपेपरवर लिहायची, 'तब्येत सुधारली'. अशी पाच-सहा वर्षं मी सुधारणा लिहीत गेले. ह्याच गोळीनं काही जणांची साखर वाढते, वजन आणि साखर बघत राहावं लागतं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं. वहीतही मी ते लिहून घेतलं होतं. पण काटा व्हरांड्याच्या पलीकडे होता आणि साखर म्हणजे मानेच्या खालचं. आम्ही कुणीच तिकडे बघितलं नाही.

मग एका महिन्यात मिलिंद आला तो सुकलेला. बसल्या बसल्या दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. अशोक गर्दीत बाहेर थांबला होता. मिलिंद म्हणाला, तहान लागते, पाय जळतात, झोपेतून सारखं उठावं लागतं. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, "सिस्टर, मुंग्या माह्या मागं लागल्या. मी जातो तिथं येतात."

मी विचारलं, कुठे येतात? तो खाली बघत म्हणाला, सगळीकडे. आता कळतं की तो तिशीचा पुरुष, समोर बाई बसलेली, लघवीची गोष्ट तो कशी काढणार होता. मला तेव्हा कळलं नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. जुना आजार, झोप नाही, अस्वस्थ आहे, मुंग्या मागे लागतात. मी लिहिलं, 'मुंग्या मागे लागल्याचा भास. आजार उलटल्याची लक्षणं.' स्वच्छ अक्षरात लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. डॉक्टरांनी ते वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि गोळी वाढवली. ज्या गोळीनं साखर चढली होती तीच आम्ही वाढवली. त्याच दिवशी मिलिंद व्हरांडा ओलांडून तिकडेही गेला होता. तिकडे त्यांनी पिवळा कागद बघितला आणि त्याला परत पाठवला.

पुढचे दोन महिने मिलिंद आलाच नाही. अशोक एकटा यायचा आणि गोळ्या घेऊन जायचा. हेही आमच्याकडे सर्रास चालायचं. लांबून येणारी माणसं, मजुरी बुडते, घरचं कुणी आलं की आम्ही गोळ्या देऊन टाकायचो. कसा आहे म्हटलं की ते म्हणायचे, हाये बरा. मी लिहायची, 'बरा आहे, नातेवाईक हजर'. न बघितलेल्या माणसाला मी बरा ठरवत होते.

दुसऱ्या महिन्यात गोळ्या मोजताना मी सहज म्हटलं, मुंग्यांचं काय म्हणतो आता? अशोक म्हणाला, "काय म्हनन? माय थकली धून धून. मोरीत रांगच लागते लाल मुंग्यायची. गुळाच्या ढेपीले लागल्यावानी."

लघवीतून साखर जात असली की तिथं मुंग्या लागतात. मी विचारलं, रांग तुम्ही स्वतः पाहिली? तो म्हणाला, "समदेच पाह्यतात की. तो मोरीत जाऊन आला का दहा मिन्टात हजर. तुमी कधी इचारलंच नाही."

मी कधी विचारलंच नव्हतं. मी उठले ते गोळ्यांचा डबा तसाच उघडा टाकून. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते उरलेल्या पेशंटना थांबायला सांगून जीपकडे निघाले. मी पलीकडच्या ओपीडीतल्या सिस्टरकडून साखरेचं यंत्र मागून घेतलं. तिनं कशाला म्हणून विचारलं, मी धावता धावता काहीतरी सांगितलं.

त्याच्या घरी पोचलो तेव्हा मिलिंद पडवीत खाटेवर पडला होता. मला बघून त्यानं जयभीम केला नाही. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. पंधरवड्यापूर्वी वावरात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुट पायात घुसलं होतं, त्याला ते जाणवलंच नव्हतं. माय म्हणाली, चप्पल रक्तानं भिजली तवा समजलं. मी फडकं सोडलं. वास आधी आला आणि मग दिसलं. दोन बोटं काळी पडली होती आणि सूज घोट्यापर्यंत चढली होती. बोटातून थेंब घेऊन यंत्राला लावला तर आकडाच येईना. नुसतं 'हाय' आलं, म्हणजे यंत्राला मोजता येणार नाही इतकी साखर. त्याला आम्ही जीपमध्येच घातलं. बाजाराचा दिवस, रस्त्यात बैलगाड्या, काळ्यापिवळ्या टॅक्स्या, भाजीची पोती. चालकाचा हात हॉर्नवरून निघत नव्हता आणि तरी जीप हलत नव्हती. मला असं झालं होतं की उतरावं आणि जीप मागून ढकलावी. मिलिंद खिडकीतून बाहेर बघत होता.

मोठ्या दवाखान्यात सलाईन लागली, इन्शुलिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले. तरुण होते, घाईत होते, पण कामाला पक्के. त्यांनी जखम बघितली आणि म्हणाले, बोटं आणि त्यामागचा थोडा भाग आजच काढावा लागेल. आज नाही काढला तर विष वर चढेल, मग गुडघ्याखालचा पाय जाईल किंवा माणूस जाईल. त्यांनी कागद अशोकच्या हातात दिला आणि इथं सही करा म्हणाले. अशोकनं पेन उघडलं.

मिलिंद खाटेवरून म्हणाला, "पाय माहा हाये. सही त्याची काऊन?"

सर्जननी माझ्याकडे बघितलं. पेशंट मानसिकचा ना, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, सर, त्याला सगळं समजतं, समजतं तोवर सही त्याचीच लागते. मग कागद मिलिंदला दिला. त्यानं तो घेतला आणि छातीवर ठेवून दिला. सही करणार नाही म्हणाला. अशोकनं समजावलं, मायनं पदर पसरला, सर्जननी पुन्हा सगळं सांगितलं. मिलिंद छताकडे बघत राहिला. सर्जनना दुसरं ऑपरेशन होतं, ते म्हणाले, अर्ध्या तासात ठरवा.

मी खाटेपाशी स्टूल ओढलं. म्हटलं, मिलिंद, भीती वाटते का?

तो म्हणाला, "भीती नाही वाटत. भरोसा नाही वाटत. मी सांगतलं तवा तुमी लिहिलं का याच्या डोक्यात हाये. आता तुमी सांगता का पायात हाये. तुमचं काऊन खरं मानू मी?"

सव्वीस वर्षं मी लोकांना समजावत आले होते. आई-बापांना, सासवांना, एकदा तर एका पोलीस पाटलाला. त्या दिवशी समजावण्यासारखं काहीच नव्हतं. मला चांगलं कळत होतं की तो भ्रमात नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि त्याला एकच उत्तर होतं. ते द्यायला मला लाज वाटत होती. बाजूच्या खाटांवरचे लोक ऐकत होते, वॉर्डातली नर्स ऐकत होती.

मी म्हटलं, "मुंग्या खऱ्या होत्या. मी चुकीचं लिहिलं."

तो म्हणाला, "अशोकले सांगा."

मी अशोककडे वळून सांगितलं. तुमचा भाऊ खरं सांगत होता, आम्ही त्याला वेड्यात काढलं, गोळी वाढवली, त्यानं साखर आणखी चढली.

"मायले सांगा."

मायला सांगितलं. तिला सगळं कळलं की नाही माहीत नाही, तिनं फक्त माझा हात धरला. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात सर्जन परत आले. मिलिंदनं डोळ्यांनीच त्यांच्याकडे खूण केली. मग मी त्यांनाही सांगितलं. माझ्या निम्म्या वयाचा तो डॉक्टर, त्याच्यासमोर उभं राहून मी म्हटलं की ह्याची साखर आम्हाला दोन महिन्यांपूर्वी कळायला हवी होती, ह्यानं सांगितली होती, मी भास म्हणून नोंदवली. सर्जन खाली बघत हं म्हणाले.

मिलिंदनं छातीवरचा कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. कुणी घाई केली नाही. एका ठिकाणी थांबून त्यानं 'गुंतागुंत' म्हणजे काय काय होऊ शकतं ते विचारलं. सर्जन खाटेच्या कडेला बसले आणि नीट सांगितलं. मग मिलिंदनं पेन मागितलं आणि पूर्ण नाव लिहून सही केली. आपलं, वडिलांचं, आडनाव, सगळं.

दोन बोटं गेली, तळव्याचा पुढचा तुकडा गेला, पाय राहिला. आमच्या डॉक्टरांनी त्याची गोळी बदलली. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी, रजा टाकून, मी त्याला बघायला गेले. सोबत दोन पुस्तकं नेली. पेशंटला फळं न्यायची असतात, पण साखरेच्या माणसाला काय न्यावं सुचलं नाही. तो उशीला टेकून बसला होता. ह्या वेळी जयभीम म्हणाला. मी स्टुलावर बसले आणि बोलत सुटले. जखम छान भरतेय, आता दर आठवड्याला मी स्वतः तुझी साखर बघणार, तुझी चप्पल वेगळी बनवून घेऊ, तू आलास की आधी पाय बघणार. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि पुस्तकं उलटीसुलटी करून बघितली.

मग विचारलं, "बाकीच्यायचे पाह्यले काय?"

मी म्हटलं, बाकीच्यांचे काय?

"हेच. पाय, साखर. माह्यासंगं लाइनीत राह्यतात ते. तो लाकडाच्या वखारीवाला, ती मास्तरीनबाई, ती शकुंतलाबाई. माह्यासारखीच गोळी खातात समदे."

मी नाही म्हटलं. एकाचीही बघितली नव्हती.

त्यानं पुस्तकं बाजूला ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरं सांगायचं तर आश्चर्य होतं.

"मंग इथं काऊन बसून राह्यल्या?" तो म्हणाला.

मी स्टुलावरून उठले.